मार्चातला हळद्या: मंजूर की नामंजूर

हीउमा बेट, २१ मार्च

आदरणीय हेल्वीताईस वाल्दुरचा इथून थेट तार्तूपर्यंत वाकून नमस्कार. तुझ्या गुडघ्यांनी आणि दाजींच्या मधमाश्यांनी हिवाळा नीट काढला असेल, अशी आशा करतो. (दाजींची वेगळी चौकशी करत नाही. ते अजून माझ्यावर रागावलेले आहेत, म्हणजे ठणठणीत असणार.)

तर ताई, तू, मी आणि अध्यक्ष काल्युराव अशा आपल्या तिघांच्या पक्षी-नोंद समितीकडे यंदाही वसंताची घाई झालेल्यांच्या चिठ्ठ्या आल्या. एकाला फेब्रुवारीतच छपरावर पाकोळी दिसली (चष्म्याला तडा गेलाय, हे त्याच्या बायकोनेच सांगितलं). एकोणीस वर्षांत मे उजाडल्याशिवाय मी एकाही हळद्याला दप्तरात शिरू दिलेलं नाही. मार्चात त्याची शीळ ऐकू आली की ती मैनेची नक्कल, हे मी झोपेतही लिहून देईन. त्यामुळे 'आमच्या सौनाच्या न्हाणीघरामागच्या झाडावर रोज सकाळी हळद्या गातो' अशी साल्मेवहिनींची चिठ्ठी आली, तेव्हा ती नामंजूर करण्याच्या उत्साहात मी उठलो तसा बर्फातून सायकल ढकलत निघालो. उपाशीपोटी! आई आपल्याला वसंतात अंथरुणातच 'पक्ष्याचा घास' म्हणून पावाचा तुकडा भरवायची, आठवतं? पहिला पक्षी रिकाम्या पोटी ऐकला की माणसाचं ते वर्ष पुरं होत नाही, म्हणायची. आपण तिला हसायचो.

वहिनी फाटकातच राईच्या पावाचा तुकडा घेऊन उभ्या होत्या.

"भाऊजी, आधी हे तोंडात टाका."

"आधी तुमची ती लबाड मैना दाखवा!"

तेवढ्यात शीळ आली. गोल, भरलेली, ऐन उन्हाळ्यातली. झाडाला पान नाही, कळी नाही, फांदी न् फांदी मोजून घ्यावी. मैना नव्हती. हळद्याही नव्हता. शीळ मात्र त्याच रिकाम्या फांद्यांतून आणखी तीनदा आली, आणि पोस्टमनला फाडायला धावणारा वहिनींचा कुत्रा माझ्या पायांत येऊन दडला. मी दुर्बीण पुसून पाहिली (तिचा काही दोष नव्हता).

"गेल्या मार्चात आमचे हेही असेच धावत बाहेर गेले होते," वहिनी हळूच म्हणाल्या. "उपाशीच. तुम्हाला चिठ्ठीही पाठवली होती."

पाठवली होती, ताई. आर्वेदला मी 'मैनेची नक्कल' एवढंच उत्तर धाडलं. जूनमध्ये त्याच्या शवपेटीला खांदाही मीच दिला. मला भीती वाटते आहे. पाव मी नंतर खाल्ला, तीन तुकडे, पण त्याला काय अर्थ?

तुझा भाऊ,
वाल्दुर

ता. क. खरं काम राहिलंच. वहिनींनी फोनवर टिपलेली शीळ ऐकून काल्युराव 'मंजूर' लिहून मोकळे झाले. तू 'नामंजूर' लिही, मीही तेच लिहितो. जो पक्षी आलाच नाही, तो मी ऐकणार कसा? (हसू नकोस, हे शास्त्र आहे.)

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी दप्तरातून आर्वेदची चिठ्ठी काढून पाहिली. ती आपण तिघांनी एकमताने नामंजूर केली होती. तेव्हा तुला खरं वाटेल ते लिही. उन्हाळ्यात येईन म्हणाली होतीस ना? त्यापेक्षा ईस्टरलाच ये.