चुकीच्या माणसाला शाबासकी

तीर्थरूप मामा,

इथून तुमच्या पायांपर्यंत हात पोचत नाही, म्हणून नमस्कार कागदावरच वाकून करतो. मामीलाही करतो. तिचा गुडघा काय म्हणतो? आणि तुम्ही काच घासताना तोंडाला फडकं बांधता की अजून तसेच शिंकत बसता? माझी तब्येत छान आहे. पत्राला फार उशीर झाला, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकतो. रोज लिहायला बसत होतो. पेन सापडलं तर कागद नाही, कागद सापडला तर त्यावर कोणीतरी चिखलाचे बूट ठेवलेले. एकदा सगळं जमून आलं, तर समोरच्या छपरावर दोन माणसं पाण्याची टाकी दोरीनं वर ओढत होती. ती पोचते की नाही हे बघण्यात अख्खी दुपार गेली. (पोचली. पण उलटी.) फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मला "हं, बोल" म्हणता आणि लगेच गिऱ्हाईकाला "आता खालची ओळ वाचा" म्हणता, मग मला कळत नाही की मी बोलू की वाचू.

बोटीवरची नोकरी सुटली हे मामीकडून कळलं असेलच. (म्हणजे बोट सुटली, मी धक्क्यावर राहिलो. तिथे एक म्हातारा गाठी मारून दाखवत होता.) त्यानंतर मी इथे आलो, फरशीच्या कारखान्याच्या फुटबॉल टीममध्ये. हसू नका, खेळाडू म्हणून नाही. मैदानावर फक्कीनं रेषा आखायच्या, बॉलमध्ये हवा भरायची, जर्सी धुवायच्या आणि कोणाचा पाय मुरगळला तर बर्फ धरून बसायचं. राहायला प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली खोली आहे. तिच्या भिंतीत माझ्या टॉवेलसाठी एक वेगळा खिळा आहे. आजवर मी जिथे जिथे राहिलो तिथे माझा टॉवेल दुसऱ्याच्या टॉवेलावर टाकायचो, त्यामुळे या खिळ्याचं मला किती वाटतं ते तुम्ही समजून घ्या.

तर टीम. मी आलो तेव्हा ती इतकी हरत होती की समोरच्या टीमचे लोक मॅचआधीच परतीच्या गाडीची चौकशी करायचे. तेव्हाच्या कोचना सगळे भोंगा म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, घरी मांजर पाळलं होतं म्हणे. पण मैदानावर पहिल्या मिनिटापासून ओरडायचे आणि ओरडताना एकेकाच्या आईबापांना सोडून बाकी सगळं गणगोत काढायचे. (मामाही निघायचे, पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका, ते सर्वसाधारण मामा होते.) त्याचा परिणाम मी रेषेबाहेर बसून रोज बघायचो. आरोळी ज्याच्या नावाची, तेवढाच धावायचा, आणि तोही आरोळी संपेपर्यंत. भोंगा पाणी प्यायला वळले की अकराच्या अकरा जण कमरेवर हात ठेवून उभे, जणू कोणी फोटो काढणार आहे. गोल झाला की सगळे आधी भोंग्यांकडे बघायचे, मग बॉल कुठे गेला ते. कपडे बदलायच्या खोलीत तर मॅचआधीच ठरलेलं असायचं की आज कोणाच्या चुकीनं हरायचं. ज्याच्यावर पाळी तो बिचारा आंघोळ न करताच घरी जायचा.

शेवटी कारखान्याचे मोठे साहेब आले आणि उभ्या उभ्या सांगून गेले, की टीम तळाला राहिली तर बंद. मैदानावर फरश्यांचे ढीग लागतील आणि खेळाडू पुन्हा भट्टीवर जातील, जिथे उन्हाळा बारा महिने असतो. भोंग्यांना त्याच दिवशी निरोप मिळाला. ते बसमध्ये बसून गेले तरी वळणापर्यंत ऐकू येत होते.

आणि मग नवे सर आले. मामा, मी सर्कशीत खुंट्या ठोकल्या आहेत, बोटीवर वादळ पाहिलं आहे, पण या माणसानं जे केलं ते पाहून माझं तोंड उघडं पडलं ते अजून नीट मिटलेलं नाही. पहिल्या दिवशी ते आले, गोलच्या खांबाशेजारी बादली पालथी घातली, तिच्यावर बसले, गोलची फाटकी जाळी मांडीवर ओढली आणि सुतळीनं शिवायला लागले. सराव संपेपर्यंत तेच. मान वर नाही, शिट्टी नाही, आरोळी नाही. पोरं आधी खुसखुसली, मग कंटाळली, मग बावरली. ओरडणारा नाही म्हटल्यावर धावायचं कधी हेच त्यांना कळेना. शेवटी आपसात थोडं खेळली, बिचारी.

सराव संपल्यावर सरांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि एकेकाच्या अगदी जवळ, नाकाला नाक लागेल इतकं जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला. आमचा एक बॅक आहे, त्याला हत्ती म्हणतात. (देहामुळे आणि चालीमुळे, दोन्ही.) तो त्या दिवशी तासभर बुटाची नाडी बांधत होता. सर त्याला म्हणाले, "काय धावतोस रे तू. बघून बरं वाटलं." मागे पोरांनी हसू दाबायला जर्सी तोंडात कोंबल्या. हत्ती मात्र हसला नाही. सगळे गेले तरी तो एका पायात बूट घालून बाकावर बसला होता. मी झाडू मारायला गेलो तर म्हणाला, "मला असं कोणी म्हणालं नव्हतं." मी म्हटलं, पाय उचल, खाली झाडायचंय.

दुसऱ्या दिवशी मी रेषा आखायला गेलो तर हत्ती आधीच मैदानावर. धावत होता, मामा. आधी तो धावतोय हे मला कळलंच नाही, मला वाटलं कोणीतरी त्याच्या मागे लागलंय. माझ्या हातातली फक्कीची पाटी तशीच कलंडली आणि त्या दिवशी मैदानाला एक रेषा जास्त होती. एवढा मोठा देह, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा भाव की आपण हे आजवर विसरलो कसे.

खरा धावणारा वेगळाच आहे, आमचा डावीकडचा, त्याला वारा म्हणतात. आपली शाबासकी हत्तीला गेली म्हणून तो इतका चिडला, की पुन्हा कोणाची गल्लत होऊ नये म्हणून दुप्पट पळायला लागला. तर सर त्याला काय म्हणाले? "तू मागे भिंतीसारखा उभा राहतोस, तुझा फार आधार वाटतो." वारा जन्मात कधी मागे आला नव्हता. भोंगा घसा फोडून सांगायचे, मागे ये, मागे ये, आणि तो ऐकू न आल्यासारखा पुढे उभा राहायचा. आता तो बॉल गेला की स्वतःहून मागे येतो आणि येता येता सरांकडे बघतो, की बघितलं ना. सर सुतळीला गाठ मारत असतात. कप्तान म्हणजे आमचे गोलकीपर दादा. त्यांनी गोल खाऊन खाऊन बोलणंच टाकलं होतं. त्यांना सर म्हणाले, "तुमचा आवाज सगळ्यांना धीर देतो." दादांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी तोंड उघडलं. "डावीकडे बघ रे बाबा," एवढंच. पण त्या डावीकडच्या पोराचे डोळे भरून आले.

पुढची मॅच आम्ही हरलोच, पण एका गोलनं, आणि खोलीत भांडण लागलं. मी बर्फाची पिशवी घेऊन दारातच थांबलो.

"माझ्यामुळे गेला तो गोल," हत्ती म्हणाला.

"तुझा काय संबंध? मी पास चुकवला," वारा म्हणाला.

"गप बसा दोघं. गोलमध्ये मी होतो की तुम्ही?" दादा म्हणाले.

ज्या खोलीत चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालायची चढाओढ असायची, तिथे आता चूक एकमेकांच्या हातातून ओढून घेत होते. मग एक मॅच बरोबरीत सुटली. मग एक जिंकली. जिंकल्यावर काय करायचं हे कोणाला आठवेना, सगळे नुसते उभे. शेवटी समोरच्या टीमनंच येऊन हात मिळवले तेव्हा आमच्यांना पटलं.

मी याला फार मोठी विद्या समजत होतो. मग एका संध्याकाळी सराव संपल्यावर मी कोपऱ्यात चुकलेली रेषा पुसत होतो. सर आले, कोपऱ्यातल्या झेंड्याच्या काठीजवळ उभे राहिले आणि तिला मायेनं म्हणाले, "फार वाळलायस. जेवत जा दोन घास." काठी काही बोलली नाही. मी खोकलो. सर खोकल्याच्या दिशेनं वळले आणि म्हणाले, "तू झेंड्याचं काम करणारा ना रे? मग तो कोण?"

त्यांना दिसत नाही, मामा. हाताएवढ्या अंतरापुढे सगळं धुकं. इथे येताना गाडीत शेजारचा माणूस त्यांच्या चष्म्यावर बसला. तो नंबर इतका जाड, की इथल्या दुकानदारांनी हात जोडले. ज्याला दिसत नाही असा कोच कोण ठेवील, म्हणून सर बोलले नाहीत. जाळी शिवत बसायचे, कारण ती जवळ असते. ऐकून मला इतकं भरून आलं, की म्हटलं, माझे मामा चष्मे करतात, त्यांना अशक्य असं काही नाही. त्याच दिवशी तुमच्या पत्त्यावर नंबर रवाना झाला. तुम्हाला नुसता नंबराचा कागद आला असेल, तो मीच धाडलेला.

पण मग सर बादलीवर बसून आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "चष्मा होता ना, तेव्हा मीही ओरडायचो. तुमच्या आधीच्या कोचपेक्षा जास्त. तीन टीमनी काढलं मला. दिसलं की राहवत नाही रे, चूक आधी दिसते. आता काही दिसत नाही, तर धरून चालतो की चांगलंच चाललं असेल. कोणीतरी वेगानं गेलं एवढं कळतं. मग कोणालातरी म्हणतो."

मी विचारलं, मग चष्मा हवाय कशाला? तर म्हणाले, "तो हत्ती धावतो म्हणतात. एकदा बघायचाय."

मी उरलेली रेषा पुसली आणि ती पुसायची नव्हती हे नंतर लक्षात आलं. तेव्हापासून मी त्या माणसाकडे बघतो तेव्हा कुठल्यातरी उंच इमारतीकडे बघतोय असं वाटतं, मान दुखते. शाबासकी चुकीच्या माणसाला गेली तरी ती वाया जात नाही, हे मला कुठल्याच नोकरीत कोणी शिकवलं नव्हतं. (शिकवलं असेल तर मी तेव्हा खिडकीबाहेर बघत असेन.)

बाकी इकडे सगळं ठीक. मामीला सांगा, स्वेटर बसतो, फक्त डोकं आत जात नाही.

तुमचा भाचा

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. शेवटची मॅच आहे, ती निदान बरोबरीत सुटली तर टीम वाचते. साहेब स्वतः खुर्ची टाकून बसणार आहेत. त्याआधी सरांना चष्मा मिळाला, तर त्यांना हत्ती दिसेल, पण त्याआधी हत्तीची चूक दिसेल, आणि मग तोंड उघडेल. म्हणून मामा, कधी नव्हे ते मागतोय: तो चष्मा रेंगाळू द्या. काच पुन्हा घासा. गिऱ्हाईकं कायम बोंबलतात की तुमच्याकडे काही वेळेवर मिळत नाही, तसाच हाही एक. देऊच नका असं म्हणत नाही, फक्त मॅच होऊ द्या.

ता. क. २. हे पत्र पेटीत टाकायला निघालो होतो, वाटेत एक माणूस शिडीवर उलटा चढून भिंतीवर रंगानं अक्षरं काढत होता, शेवटचं अक्षर बघायला थांबलो, आणि पत्र खिशातच राहिलं. त्यामुळे आज मॅच आहे आणि पत्रही इथेच आहे. पण चष्मा आलेला नाही, म्हणजे तुम्ही न सांगताच उशीर केलात. तुमचे उपकार कसे फेडू. वाऱ्यानं स्वतःच्या हातानं हत्तीच्या नाड्या बांधल्या. सर बादलीवर बसले आहेत आणि शिवायला काही उरलं नाही म्हणून जाळीची एक शिवण उसवून पुन्हा घालताहेत.

ता. क. ३. बॉलच्या खोक्यावर कागद ठेवून लिहितोय, अक्षर समजून घ्या. दुसरा अर्धा चालू आहे, बरोबरी आहे. आत्ताच हत्तीनं बॉल थेट समोरच्याच्या पायात दिला, सर म्हणाले "वा". आणि मामा, फाटकातून आत्ता तुम्ही आलात. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नालाही दुकान बंद न केलेला माणूस, हातात चष्म्याची डबी धरून रखवालदाराला विचारतोय, कोच कुठे बसतात. मी धावत येतोय आणि हे पत्र तुमच्या हातात देतोय. आधी हे वाचा, उभ्या उभ्या नको, पायरीवर बसून, एकही ओळ न गाळता. वाचून होईस्तोवर शिट्टी झाली असेल. मग डबी खुशाल द्या, हत्तीला मी सरांसाठी पुन्हा एकदा पळायला सांगतो. आणि शिट्टी झाली नसेल, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचा.