चौघांचा चहा

दादा,

जिन्यात बाबांची पावलं वाजली की आपण टीव्ही बंद करून चिडीचूप व्हायचो, आठवतं? तू घर सोडल्यावरही मी तशीच दचकायचे. दारूने लिव्हर सुजलंय असं डॉक्टरांनी खडसावल्यापासून त्यांनी बाटलीला हात लावलेला नाही, तरी माझा कान जिन्याकडेच.

काल मात्र आई आणि मी रिमोटवरून कडाकडा भांडत होतो. पावलं ऐकूच आली नाहीत! दारातून बाबा म्हणाले, "अगं, मी आलोय, कुणी बघेल का?"

आई मान न वळवता म्हणाली, "चहा तुमचा तुम्ही करून घ्या."

त्यांनी निमूट चौघांचा केला. तुझा मी प्यायले, आणि साखर कमी म्हणून त्यांच्याशीही भांडले. न घाबरता, दादा!

पत्र इतक्यात पाठवत नाही. तुला उगाच आशा लावायला नको. मला मात्र लागलीये.

तुझी भांडकुदळ
चिमी