आट्यांचं सॉकेट

१० डिसें.
अक्काच्या भजनमंडळीचा अँप्लिफायर माझ्या दुकानात दुरुस्तीला. सेट माझ्याहून म्हातारा. भोंग्याचं सॉकेट फुटलंय. चार पिनांचं, वर पितळी आट्यांची रिंग, पिळून घट्ट करायची. असलं आता कोण बनवतं! अक्काचे थोरले दीर रामूअण्णा घेऊन आले. तीस वर्षं सेट तेच लावतात, दुसऱ्याला शिवू देत नाहीत. "दत्तू, अगदी असंच पाहिजे हं." सरी, बरं, म्हटलं.

११ डिसें.
तंजावुरातली चारी दुकानं पालथी. एकाकडे पाच पिनांचं. दुसऱ्याकडे चारच, पण आटे बारीक, रिंग बसेना. तिसरा म्हणाला, "सार, भंगारात बघा." आणि वर हसला मेला.

१४ डिसें.
कुंभकोणमची फेरी फुकट. चेन्नईच्या एका जुन्या दुकानदाराला फोटो धाडला. आहे म्हणतो, कुरियरला आठवडा. ओरत्तनाडूचं मार्गळी महिन्याचं भजन २२ला. अक्काचे दिवसाला दोन फोन. डोकं उठवलंय.

१६ डिसें.
शेवटी टू-पिन बसवलं. घरात भिंतीला असतं तेच. भोंग्याला विजेची पिन लावू नका, असं जन्मभर लोकांना दटावलं आणि आज स्वतःच. वायर सरळ सोल्डर केली असती, पण मग सेट अण्णांच्या लाकडी पेटीत मावत नाही. भोंग्याच्या पिनेला लाल रंग फासलाय. आठवड्याचाच तर प्रश्न.
अक्का फोनवर : "तेच मिळालं ना रे?"
हो म्हणालो. कटकट नको म्हणून.

१८ डिसें.
अण्णा सेट घेऊन गेले. बजावलं : लाल पिन सेटात, काळी भिंतीत. "बरं बरं." पाहिलंसुद्धा नाही, नुसतं चाचपलं. कॉफीचा टंबळर हाताशी होता तरी सांडला. पायरी चुकले, मी दंड धरला. वय झालं बिचाऱ्यांचं.
गेल्यावर हातात सोल्डरिंगची कांडी धरून उगाच बसून राहिलो. काहीतरी राहिलंय असं सारखं वाटतंय.

२० डिसें.
बायको म्हणते, "अण्णा बाजारात समोर उभे, ओळखलं नाही. मी बोलले तेव्हा कुठे माझं नाव घेतलं." गर्दी असेल, म्हटलं मी.

२२ डिसें. दुपार
कुरियर आलं! तेच सॉकेट. तेच आटे. धावत जाऊन बसवून देतो म्हणून अक्काच्या घरी फोन केला. सून म्हणाली, "मामा, ते सगळे केव्हाच निघाले." मग हळूच, "कोणाला सांगू नका, अण्णांना दिवाळीपासून दिसत नाही. मोतीबिंदू. मार्गळी संपली की ऑपरेशन."
"मग सेट कसा लावतात गं?"
"बोटांनी. आटे लागले की भोंगा, दोन पिना लागल्या की भिंत."
अय्यो देवा. आता दोन्हीकडे दोनच पिना. लाल रंग मी माझ्या डोळ्यांसाठी लावला!

सं. ५.१०, ओरत्तनाडूची बस
अक्काचा फोन नेहमीसारखा घरीच. अण्णांचा वाजतो, उचलत नाहीत. बाकीच्यांचे बंद. भजनात फोन बंद, हा अक्काचाच नियम.
भोंगा लोखंडी. मंडपाच्या लोखंडी खांबाला बांधतात. अक्का त्याच खांबाला पाठ टेकून बसते, गुडघे धरतात म्हणून. भोंग्याची पिन भिंतीत गेली तर वीज भोंग्यातून थेट खांबात...
तेव्हाच सांगायचं होतं, अक्का, ते नाही मिळालं म्हणून. फार तर शिव्या दिल्या असत्यास.

५.४०
पुढे उसाचा ट्रॅक्टर, बस रांगतेय. साडेपाचला सुरू होतं. या वळणावर दरवर्षी भोंगा ऐकू येतो. आज अजून नाही. कंडक्टरला वेळ विचारली. माझं घड्याळ बरोबर आहे.
खिडकीला कान लावून बसलोय.