बर्फावर मोरपंखी साडी

शनिवार संध्याकाळ, मांजलपूर

परवा आम्ही तिघं गुलमर्गला स्कीइंगला निघतोय आणि मला नक्की काहीतरी शिजतंय असा वास येतोय. कल्पना आईची! जी बाई बडोद्याच्या थंडीत कानटोपी घालून दूध आणायला जाते, ती म्हणते, "सगळे मिळून बर्फात खेळू या." हे कधीपासून?

दुपारी तिच्या बॅगेत स्वेटरांखाली मोरपंखी रेशमी साडी सापडली. विचारलं तर म्हणाली, "असू दे गं, देवळात जायचं झालं तर." बरं. मग सोबतचा नवा ब्लाउज माझ्या मापाचा का?

मी शेवटची साडी नेसले ती बडोद्यातल्याच हरणी भागातले लोक मला बघायला आले तेव्हा. त्यानंतर निक्षून सांगितलं होतं, आता पोह्यांचा कार्यक्रम नको. आईने कबूलही केलं होतं. म्हणजे शब्द पाळतेय ती. पोहे नाहीत, बर्फ! पण पोह्यांवरून उठून आपल्या खोलीत तरी जाता येतं. डोंगरावर कुठे जाणार?

आत्ता शेजारच्या मीनाबेन प्रवासासाठी थेपले देऊन गेल्या. माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "बधुं सारुं थशे, बेटा." सगळं चांगलं होईल म्हणे! स्कीइंगला निघालेल्या मुलीला "पडू नकोस" म्हणतात ना?

शेवटी बाबांना गाठलं. त्यांना खोटं बोलता येत नाही.

"तिथे आपल्याबरोबर अजून कोण आहे?"

"कोणी नाही," पेपरातून डोकं न काढता ते म्हणाले. मग पान उलटत, "मुलगा स्कीइंग छान करतो म्हणे."