चाळणीतला डोंगल

३ ऑक्टोबर, सोमवार
दुपारच्या बोटीने पिंचर्स आर्मला पोहोचलो. बेट लहान, माणसं मोकळी. बंदराचा प्रमुख सिरिल पार्डी माझी ट्रंक उचलता उचलता म्हणाला, "दोस्त, मागचा कारकून तीन आठवड्यांत पळाला. तू निदान नाताळचा केक खाऊन पळ!" राहायची सोय ऑलिव्हबाईंकडे. त्यांनी न विचारताच वाटाण्याचं सूप पुन्हा वाढलं.

कचेरीतला संगणक जुना, लिनक्सवर चालणारा. इंटरनेटची तार या बेटापर्यंत आलेली नाही. सगळी भिस्त एका मोबाइल डोंगलवर. सिग्नल नीट पकडावा म्हणून तो लांब वायरीने खिडकीतल्या पिठाच्या चाळणीत बसवलाय आणि चाळणीचं तोंड पलीकडच्या टॉवरकडे. लिनक्सला जोडला की आधी तो सीडी असल्याचं सोंग घेतो. एक आज्ञा द्यावी लागते, मग नेट सुरू. मला ते जमतं. देवाची कृपा.

५ ऑक्टोबर, बुधवार
काम सोपं आहे. अडचणीतली बोट डोंगलच्या नंबरावर संदेश पाठवते. मी तो वाचून बंदराची घंटा वाजवायची, म्हणजे मदतीला बोटी निघतात. म्हणून नियम एकच: डोंगल काढायचा नाही.

सिममध्ये गेल्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरचा एक संदेश आहे. "इंजिन बंद. पाणी शिरतंय. घंटा वाजवा." पुसला तरी परत दिसतो. नंबर ऑलिव्हबाईंच्या नवऱ्याचा, लेस्टरचा.

बाईंना विचारलं. त्या दिवशी सिरिलने हॉकीचा सामना बघायला डोंगल घरी नेला होता. त्याला ती आज्ञा ठाऊक नव्हती, त्यामुळे दुपारभर डोंगल सीडीच राहिला. परत आणून लावला तेव्हा संदेश उतरला. लेस्टर सापडलाच नाही. चौकशीत सिरिलने टॉवर बंद होता म्हणून सांगितलं. बाई हे सांगताना बटाटे सोलत होत्या. साल एकदाही तुटली नाही.

९ ऑक्टोबर, रविवार
आई ऐंशीची. आमच्या गावच्या चर्चची प्रार्थना नेटवर दिसते, ती दोघांनी एकाच वेळी ऐकावी असा तिचा हट्ट. रविवारी इथं कुणी मासेमारीला जात नाही, म्हणून तासभर डोंगल काढून माझ्या लॅपटॉपला लावला.

पाद्रीबाबा रविवारीच बोटीने बेटं फिरतात, हे ध्यानात आलं नाही. परत लावल्यावर त्यांचा संदेश दिसला: "धुकं. घंटा वाजवा." ते कसेबसे आले, चिंब भिजून, हसत. म्हणाले, "काय हो, घंटाही आज सुट्टीवर का?" मी म्हटलं, टॉवर बंद होता. संदेश पुसला.

१२ ऑक्टोबर, बुधवार
दुपारी चार वाजता लेस्टरच्या नंबरावरून संदेश. तारीख आजची.
"कुणी काढला?"
सिरिलला दाखवला. तो म्हणाला, "मेलेल्याला समुद्राच्या तळाशी टॉवर सापडतो, आणि मला माझ्या स्वयंपाकघरात सापडत नाही!" हसला. कप मात्र हातातून सुटला.

१३ ऑक्टोबर
पुन्हा. सात वेळा. डोंगल उपसून हातात धरला. वायर नाही, काही नाही — आणि निळा दिवा चालूच. ऑलिव्हबाई म्हणतात, उत्तर द्या भाऊ. खरं तेवढंच लिहा.

१४ ऑक्टोबर
गुडघे टेकून बराच वेळ बसलो. मग लिहिलं: सिरिल पार्डी. खरं सांगणं पाप कसं असेल?

१५ ऑक्टोबर
सिरिल गेला. स्वयंपाकघरात, खुर्चीत बसल्या जागी. फरशी कोरडी. नर्स म्हणाली, छातीत समुद्राचं पाणी होतं. ऑलिव्हबाई दोन वाट्या सूप प्यायल्या.

१६ ऑक्टोबर, रविवार
चार वाजले. संदेश.
"गेल्या रविवारी कुणी काढला?"

मोजे ओले झालेत. पाणी खारट — दाराखालून नाही, कुठूनच नाही —

ऑलिव्हबाई कचेरीबाहेर उभ्या आहेत. दार उघडत नाहीत. म्हणतात, गेल्या रविवारी अंगणातून रिकामी चाळणी दिसली होती मला, भाऊ. खरं तेवढंच लिहा.

टॉवर बंद होता असं लिहिलं. पाठवलं. पाणी गुडघ्यापर्यंत —

दुसऱ्या कुणाचं नाव — नाही. खोटं बोललो तेवढं पुरे. देवा, आई वाट बघत असेल, प्रार्थनेची वेळ —

छातीपर्यंत. वही वर धरली आहे. लेस्टरला आता पाठवलं तेच इथं लिहितो. डोंगल मी काढ—