कुलूप फक्त पानाला होतं

नेइआफू, गुरुवार

प्रिय लुपे,

तुझी पेटी मंगळवारच्या बोटीने पोचली. कॉर्न्ड बीफचे सहा डबे, चहाची दोन पाकिटं, पाद्रीबाबांसाठी चष्म्याची दोरी, आणि तळाशी तेविताच्या मापाची मऊ चप्पल. धक्क्यावर हमाली अकरा पांगा पडली. देवाच्या दयेने काही फुटलं-सांडलं नाही. चपलेतली तुझी चिठ्ठीही शाबूत होती: "बोट काढल्यावर पायाला असलंच मऊ बरं. तेविता भाऊजींना जप."

लुपे, तेविताच्या पायाचं बोट साखरेच्या आजाराने काढावं लागलं, हे मी गावात कोणाला सांगितलेलं नाही. विचारलं तर खिळा लागला म्हणते. त्यानेच बजावलंय, "आपल्या मेलेआनेला कळलं तर परीक्षा टाकून येईल पोर." तिचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष. मी एकाच ठिकाणी लिहिलं, आपल्या महिला मंडळाच्या प्रार्थनेच्या पानावर. त्या पानाला कुलूप आहे. पहाटे प्रार्थनेला बसणाऱ्या आम्हा सातजणींनाच परवलीचा शब्द ठाऊक असतो, आणि तू ऑकलंडला गेलीस तेव्हा तो रिवाजाप्रमाणे बदलला. म्हणून तुझी चिठ्ठी वाचल्यावर, तुला कोणी कळवलं असेल म्हणून आधी त्या सहाजणींवरच संशय घेतला. लेसिएली तर कडाडलीच, "देवासमोर ऐकलेलं मी बाजारात नेईन होय गं?" मान खाली घालून परत आले.

मग आठवलं. चर्चचं संकेतस्थळ आपण दोघींनी मांडलं, तेव्हा आरएसएस फीड तूच बसवलंस. मी आपली मॅट्रिक, माउस कसा धरायचा तेही तूच शिकवलंस. तू म्हणालीस, "सोपं आहे गं. इथे काही नवं लिहिलं की परगावच्या आपल्या माणसांच्या संगणकावर ते आपसूक जाऊन पडतं." फक्त शोकवार्तांचंच करूया म्हटलं, तर हसलीस. "सगळ्या पानांचं करून टाक, सेला. एखादं मयत चुकलं ना, तर अख्खं खानदान तुझ्या दारात येऊन बसेल!" आपल्याकडे मयत चुकवलेल्याला कोण विसरतं? मी ऐकलं.

काल दुपारी चर्चच्या ऑफिसात बसून प्रार्थनेच्या फीडचा पत्ता उघडला. परवलीचा शब्द कोणी विचारलाच नाही. लेसिएलीच्या नवऱ्याची दारू, सिसिलियाच्या सुनेचं पडलेलं मूल, माझ्या तेविताचं बोट, सगळं अक्षरन् अक्षर समोर. पान कुलपात, आणि फीड सताड उघडं. ही चूक दोघींची. माझ्या वाटची मी देवापुढे कबूल केली. पण तुला ती कधीच कळली होती. दोन वर्षं तू आमची गाऱ्हाणी वाचत राहिलीस. मला पत्रं पाठवलीस, नाताळला फोन केलास, चपलेचं मापसुद्धा बरोबर धरलंस. "सेला, दार उघडं राहिलंय गं," एवढं मात्र तोंडातून निघालं नाही. परक्याने केलं असतं तर प्रार्थनेत सोडून दिलं असतं. तू माझ्या शेजारी गुडघे टेकून बसलेली बाई.

फीड मी बंद केलं. रविवारी सहाजणींसमोर उभी राहून सांगणार आहे. तुझं नाव घ्यायचं की नाही, ते अजून ठरत नाही.

पण पत्र त्यासाठी नाही. कोणतं फीड कुठे वाचलं जातं, याची नोंद संकेतस्थळ ठेवतं. प्रार्थनेचं दोनच ठिकाणी जात होतं. एक ऑकलंड, दुसरं ब्रिस्बेन. ब्रिस्बेनमध्ये आपल्या चर्चचं माझ्या मेलेआनेवाचून कोण आहे? दर रविवारी तिचा फोन येतो. "बाबा कुठेत?" विचारते. मी म्हणते, "मळ्यात गेलेत, रताळी काढायला." ती नुसतं म्हणते, "बरं." तो पत्ता तिला तू दिलास का, आणि केव्हा, एवढंच सांग. सगळं माहीत असून माझी लेक किती रविवार माझं खोटं मुकाट ऐकून घेतेय, ते मला कळायला हवं. संगणकावर काही लिहू नकोस. पाकीट नीट चिकटवून उलट टपाली कळव.

अजून तरी तुझीच,
सेला