आपाचं मशीन सर्व्हिसिंगला गेलं

प्रिय सत्यजित,

सोनागिरीहून मिसरोद असं कितीसं लांब, आणि तरी ताईनं माणसाहाती पत्र पाठवलं, हे बघून तू आधी हसशील आणि मग संपदाला हाक मारशील. तिला इतक्यात हाक मारू नकोस. आधी एकटा वाच. फोनवर माझं बोलणं पुरं होत नाही. तू मला तोडतोस असं नाही, पण तू इतकं छान समजावून सांगतोस की फोन ठेवल्यावर वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं असणार. या वेळी मला तसं वाटून घ्यायचं नाही.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या भाऊजींचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण संध्याकाळी कारखान्यातल्या जुन्या मंडळींबरोबर बाकावर बसायचं काही ते सोडत नाहीत. तिथे तुझा विषय निघतो. ‘आमचा मेहुणा मंडीदीपच्या कंपनीत सीएसआर बघतो, गरिबांना ऑक्सिजनची मशीनं फुकट देतो,’ असं हे सगळ्यांना सांगतात. मीही सांगत होते. बाबा अमरावतीहून इथे बदलून आले तेव्हा तू किती लहान होतास. हिंदी येत नाही म्हणून वर्गात रडायचास. आणि दसऱ्यानंतर इथल्या सामुदायिक भवनात ‘मोकळा श्वास’ शिबिराच्या मंचावर उभा राहून तू अस्खलित हिंदीत बोललास, तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होते. ते रडणं खरं होतं, एवढं लक्षात ठेव.

त्या मंचावर नफीसा आपाला मीच घेऊन आले होते. मागच्या गल्लीत राहणारी, माझे ब्लाउज शिवणारी आपा. तुझ्या लग्नातला संपदाचा शालूवरचा ब्लाउजही तिनंच शिवला होता. तिची छाती कशानं गेली हे आपल्या शहरात कुणी विचारत नाही; वय आणि गॅसच्या रात्रीची वस्ती सांगितली की पुरतं. आता तर डॉक्टरांनी रोज काही तास ऑक्सिजन घ्यायलाच सांगितलंय. तुमच्या फोटोग्राफरनं मशीन सुरू न करताच तिच्या नाकाला नळी लावली आणि म्हणाला, “आपा, थोड़ा मुस्कुराइए.” ती म्हणाली, “मियाँ, पहले साँस तो आ जाए.” सगळा हॉल हसला, तूही हसलास. मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. मशीनपेक्षा मागचा फलक मोठा होता, आणि प्रत्येकाला मशीन देऊन झालं की खोकं मागे नेऊन ठेवत होते. पण माझ्या भावाचा कार्यक्रम होता. मी मनातलं झटकून टाकलं.

मशीन घरी आलं आणि आपाचं घर बदललं. ते दिवसभर घूं घूं करायचं आणि ती त्याच्याशी बोलायची. तिला नीट दिसत नाही, काळ्या मशीनवरचं काळं बटण सापडायचं नाही. म्हणून मी त्यावर माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. जरा जास्तच लागलं आणि खाली ओघळ आला, वाकडा, टोकाला फुगलेला. आपा म्हणाली, “बहू को बिंदी लगा दी.” तिनं पुन्हा शिवायला घेतलं. हळूहळू, बसून, पण घेतलं.

दिवाळी झाली आणि तुमचा मयूर आला. तोच तो, तिशीतला, कंपनीचा टी-शर्ट घालून शिबिरात खोकी उतरवणारा. मशीन सर्व्हिसिंगला न्यायचंय, चार दिवसांत परत आणून देतो, म्हणाला. नवीन मशीनला कसली सर्व्हिसिंग, असं मी विचारलं, तर म्हणाला, “मैडम, कंपनी का नियम है.” मी ऐकून घेतलं. चार दिवस गेले, आठवडे गेले. फलकावरच्या नंबरावर फोन केला की गाणं वाजायचं आणि कट व्हायचं. मयूर आधी फोन उचलायचा, मग उचलेनासा झाला. मला वाटलं, या माणसानं मशीन बाहेर विकलं. मनात त्याला किती शिव्या दिल्या! तुला मात्र काही सांगितलं नाही. तुझ्या हाताखालचा माणूस असं करतो हे कळलं तर तुझा जीव खाली-वर होईल, आधी खात्री करू, असं मी ठरवलं. तुझ्या भाऊजींनाही बोलले नाही, कारण त्यांच्या पोटात काही राहत नाही आणि ते तुला लगेच फोन लावतील. हे नीट वाच, सत्यजित. घरात मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. आपालाही बजावलं होतं, गप्प राहा म्हणून.

थंडी वाढली. एका सकाळी तिचा भाचा धावत आला. आपाचे ओठ निळसर पडले होते, बोलता येत नव्हतं, नुसती माझ्याकडे बघत होती. तिला दवाखान्यात भरती केलं. मी बाहेरच्या बाकावर बसून होते आणि मला एकच दिसत होतं, मंचावरची ती नळी, बंद मशीनची. आपा वाचली. घरी आली तेव्हा आम्ही भाड्यानं एक मशीन आणलं, जुनं, खडखड करणारं.

मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी नेहरू नगरला सुहासिनीकडे गेले. माझ्याबरोबर शाळेत शिकवायची ती. तिच्या सासऱ्यांना दम्याचा फार त्रास आहे. वाण घेऊन त्यांच्या पाया पडायला आतल्या खोलीत गेले तर पलंगाशेजारी तुमचं मशीन. सुहासिनी कौतुकानं सांगत होती, “अगं, गेल्या महिन्यात इथे शिबिर झालं ना, तुझ्या भावाच्या कंपनीचं! अगदी नवंकोरं, खोक्यातून काढून दिलं.” मी बटणाकडे बघितलं. लाल ठिपका होता. खाली ओघळ होता, वाकडा, टोकाला फुगलेला. कुणीतरी खरवडायचा प्रयत्न केला होता, पण पुरता निघाला नव्हता. मी त्यावर बोट ठेवलं. माझ्या घरातल्या बाटलीतला रंग मला ओळखता येणार नाही का?

सुहासिनी म्हणाली, पुढच्या आठवड्यात सर्व्हिसिंगला न्यायला येणार आहेत.

बघ कसं आहे. आपाचं मशीन तिला मिळवून द्यायचं, तर त्या म्हाताऱ्या माणसाच्या नाकातली नळी काढावी लागणार. ते डोळे मिटून शांत पडले होते, छाती संथ खालीवर होत होती. मी कुणाला काय सांगणार होते? चोरीचा माल आहे म्हणून? त्यांनी काही चोरलं नव्हतं. माझ्या आपाचा श्वास तुम्ही त्यांना दिला होता, आणि आता त्यांचा काढून आणखी कुठल्या तरी वस्तीत, फलकाखाली, टाळ्यांच्या गजरात द्यायला निघाला होता. मी सुहासिनीला एवढंच म्हटलं, कुणी आलं तर मशीन देऊ नकोस, आधी मला फोन कर.

घरी येऊन तुला फोन केला. तुला आठवत असेल. मी मशीनचा विषयसुद्धा काढला नव्हता. संक्रांतीच्या शुभेच्छा दिल्या, तिळाचे लाडू पाठवते म्हटलं, मग सहज विचारल्यासारखं विचारलं की काम कसं चाललंय. आणि तू म्हणालास, “ताई, आपाचं मशीन येईल गं पुढच्या आठवड्यात. तू तिला उगाच भडकवू नकोस.”

मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसले. तू पुढे बरंच बोललास, वर्षाअखेरचं काम, वरून येणारा दबाव, आकडे पूर्ण करणं, एका मशीनचा जास्तीत जास्त लोकांना लाभ. मला त्यातलं काही नीट ऐकू आलं नाही. आपाचं मशीन गेलंय हे तुला कुणी सांगितलं, एवढंच डोक्यात फिरत होतं. मी दोन महिने मयूरवर संशय घेत होते. त्या बिचाऱ्यानं नियम आहे म्हणून सांगितलं होतं, आणि नियम कुणाचा ते आता कळलं.

परवा मयूर खरंच आपाकडे मशीन घेऊन आला. मी तिथेच होते. खोक्यातून काढून खाली ठेवलं, बटणावर ठिपका नव्हता, म्हणजे कुणा तिसऱ्याचंच होतं. तो आपाकडे बघेना. “चार-पाँच दिन रखना है, आपा. सोमवार को दिल्ली से मैडम आएँगी, देखकर चली जाएँगी. फिर मैं ले जाऊँगा.” आपानं त्याला पाणी दिलं. तो पाणी पीत होता तोवर तिनं भाच्याकडून पलंग सरकवून घेतला, मशीन भिंत आणि पलंग यांच्यामध्ये घातलं, नळी नाकाला लावली आणि आडवी झाली. म्हणाली, “बेटा, अब जिसको ले जाना हो, मुझे भी साथ ले जाए.” मयूर उभा राहिला आणि एकदम रडायलाच लागला. म्हणाला, हे बारावं घर, सगळीकडे मला हेच करायला लावलंय, आता मी जाणार नाही. तो गेल्यावर आपानं मला जवळ बोलावलं. तुझा भाऊ यात आहे का, असं तिनं विचारलं नाही. “तुम्हारा छोटा भाई है,” एवढंच म्हणाली, आणि माझा हात धरून राहिली. तिला माझ्या आधी कळलं होतं. कधीपासून, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. सोमवारी ज्या येणार आहेत त्या मानसी मॅडमचा काल मला फोन आला. कंपनीनं बाहेरच्या संस्थेकडून शिबिरांची तपासणी करून घ्यायचं ठरवलंय, आणि आपाची शेजारी म्हणून त्यांना माझ्याशीही बोलायचंय. त्या दिल्लीहून कालच इथे पोचल्यात. मी तुझी बहीण आहे हे त्यांना माहीत नाही. मी हो म्हटलं. त्या विचारतील ते मी सांगणार आहे, दिवाळीपासून नेहरू नगरपर्यंत सगळं, आणि फोनवर तू जे बोललास तेही. तू इथे येऊन मला समजावू नकोस, सत्यजित, मी दार उघडीन आणि मग तुझं ऐकीन, म्हणून येऊ नकोस. पण सोमवारच्या आधी अजून दोन दिवस आहेत. तू स्वतः त्यांच्याकडे जा. हे तुझं एकट्याचं काम असेल तर तसं सांग, वरून आलेलं असेल तर वरच्याचं नाव सांग. माझ्याकडून कळण्याआधी त्यांना तुझ्याकडून कळलं, तर निदान एवढं तरी मला म्हणता येईल की माझा भाऊ आपल्या पायांनी चालत गेला. सोमवारी त्या दारात आल्या की मी सगळ्यात आधी हेच विचारणार आहे, की सत्यजित तुम्हाला भेटला का.

तरीही तुझीच,
ताई